मोटारींतील खर्ज



रात्रीं साडेनऊ-दहाच्या सुमारास रस्त्यावरून एखादी मोटार जाते. ती दृष्टीस पडण्यापूर्वींच खिडकीचें तावदान थरथरूं लागतें, कपाटांतील पेले एकमेकांना लागून किणकिणतात, आणि गाडी निघून गेल्यावर घरांतील वडील मंडळी एकमेकांकडे पाहून म्हणतात, "काय हा धिंगाणा ! याला का संगीत म्हणायचें ?" बहुतेक घरांत हा विषय तेवढ्यावरच संपतो. कांहीं घरांत मात्र तो दुसऱ्या दिवशीं पुन्हां निघतो. कारण घरांतल्याच मुलाला आपल्या गाडीच्या डिकींत तसली एक पेटी बसवून घ्यावयाची असते, आणि तिच्यासाठीं त्यानें पैसेहि सांठविलेले असतात. आजचें भाषण या दोन्ही पक्षांसाठीं आहे. त्या पेटींत असतें तरी काय, ती अमुकच मापाची कां करावी लागते, आणि इतक्या खालच्या सुराची ओढ माणसाला कां लागते, हें मीं आज सांगावयाचें योजिलें आहे.

आरंभींच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. खर्ज खोल असणें ही एक गोष्ट, आणि आवाज मोठा असणें ही अगदीं निराळी गोष्ट. तावदानें हलविणाऱ्या पुष्कळ गाड्यांत खरा खोल खर्ज मुळींच नसतो. असतो तो सेकंदास साठ-सत्तर कंपनांच्या आसपासचा एक फुगलेला घुमारा. उलट, खरोखरीचा खोल खर्ज बेतानें वाजविणारी गाडी आपल्या शेजारून गेली तरी पुष्कळदां आपल्याला तिचा पत्ताहि लागत नाहीं. पेटी करणाऱ्याचें सारें कसब या भेदावर उभें आहे.

माणसाच्या कानाला सेकंदास सुमारें २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंतचे ध्वनि ऐकूं येतात. पियानोची अगदीं डावीकडची पट्टी साडेसत्तावीस कंपनांची असते. बेस-गिटारची सर्वांत जाड तार ४१ कंपनें करते. युरोपांतील मोठमोठ्या चर्चमध्यें जे ऑर्गन असतात, त्यांतील बत्तीस फुटी नळा सेकंदास अवघीं १६ कंपनें करतो. तो सूर कानाला ऐकूं येण्यापेक्षां बसल्या बांकांतून अंगालाच अधिक जाणवतो. 'सबवूफर' या नांवानें जो लाउडस्पीकर विकला जातो, त्याचें क्षेत्र साधारणपणें ८० कंपनांच्या खालचें. हवेंत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ३४३ मीटर धरला, तर १,००० कंपनांच्या सुराची एक लाट ३४ सेंटिमीटर लांब होते, ४० कंपनांची साडेआठ मीटर, आणि २० कंपनांची सतरा मीटर. हे लांबीचे आंकडे श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावे. मोटारीच्या पोटांत शिरल्यावर त्यांची गरज पडणार आहे.

एवढ्या खालच्या सुरांच्या बाबतींत आपला कान मोठा मंद आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर व मन्सन या दोघां शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं या मंदपणाचें मोजमाप प्रसिद्ध केलें, आणि २००३ सालच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणांत तें अधिक बिनचूक करण्यांत आलें. त्याप्रमाणें १,००० कंपनांचा सूर ४० डेसिबलला जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटण्यासाठीं ५० कंपनांच्या सुराला सुमारें ७८ डेसिबल लागतात, आणि २० कंपनांच्या सुराला जवळजवळ १००. परंतु या मंदपणाची दुसरी बाजू विलक्षण आहे. मधल्या सुरांत आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटावयास १० डेसिबल वाढवावे लागतात. २० कंपनांपाशीं सुमारें पांचच पुरतात. म्हणजे खर्ज उशिरां ऐकूं येऊं लागतो, पण एकदां येऊं लागला कीं भराभर चढतो. बटण किंचित् अधिक फिरवावें आणि सारी गाडी एकदम दणाणावी, असें जें होतें त्याचें कारण हें आहे.

कोणी विचारील कीं, कान जर इतका मंद, तर हा खटाटोप कशासाठीं ? टेलिफोनचेंच उदाहरण घ्या. जुन्या पद्धतीच्या तारेंतून ३०० कंपनांच्या खालचें कांहीं येतच नसे. तरी शंभर-सवाशें कंपनांवर बोलणाऱ्या पुरुषाचा आवाज आपण पुरुषाचा म्हणूनच ओळखत होतों. वरच्या सुरांवरून मेंदु खालचा सूर मनानेंच जुळवून घेतो. तेव्हां चाल ओळखण्यासाठीं खोल खर्जाची आवश्यकता नाहीं, हें खरें. मृदंगाचा आवाज टेलिफोनवरूनहि मृदंगाचा म्हणून कळतो. पण मृदंगाजवळ बसणें म्हणजे काय, हें टेलिफोनवरून कळत नाहीं. खर्जाची मागणी ही त्या जवळ बसण्याची मागणी आहे.

आतां पेटीकडे वळूं. आज आपण वापरतों तो लाउडस्पीकर, म्हणजे चुंबकाच्या फटींत हालणारें तारेचें वेटोळें आणि त्याला चिकटविलेला शंकु, याची मांडणी अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या राइस व केलॉग यांनीं १९२५ सालीं जगापुढें ठेवली. या शंकूला दोन तोंडें आहेत हीच सर्व अडचणींची जननी. शंकु पुढें सरकला कीं पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणीं मागची हवा विरळ होते. सूर वरचा असेल, तर या दोन लाटा आपापल्या वाटेनें निघून जातात. सूर खालचा असेल, तर पुढच्या दाबाला शंकूच्या कडेवरून वळसा घालून मागच्या पोकळींत शिरावयास भरपूर वेळ मिळतो, आणि दोन्ही लाटा एकमेकींना गिळून टाकतात. बारा इंचांचा उत्तम सबवूफर हातांत मोकळा धरून वाजविला, तर शंकु डोळ्यांना दिसेल इतका धडपडतो आणि कानाला फुसफुशीपलीकडे कांहीं येत नाहीं. मागची लाट पुढच्या लाटेपर्यंत पोंचूं न देणें, हें पेटीचें पहिलें काम.

तेवढेंच काम असतें, तर कोणतीहि मजबूत पेटी चालली असती. पण पेटींत हवा आहे, आणि कोंडलेली हवा ही स्प्रिंग असते. सायकलच्या पंपाचें तोंड अंगठ्यानें दाबून दांडा ढकलून पाहावा. पेटी जितकी लहान, तितकी ही स्प्रिंग ताठ, आणि ताठ स्प्रिंगेवरचा शंकु खालच्या सुराला नीटसा हालत नाहीं. ही अडचण उलटी करून तिचा लाभ घेण्याची युक्ति एडगर विल्चर या अमेरिकन गृहस्थाला सुचली. शंकूची स्वतःची लवचीक कड मुद्दाम अगदीं सैल ठेवावयाची, आणि त्याला जागेवर आणण्याचें काम पेटींतल्या हवेवर सोंपवावयाचें. हवेची स्प्रिंग कापडाच्या किंवा रबराच्या स्प्रिंगेपेक्षां कितीतरी सरळमार्गी असते. १९५४ सालीं त्यानें व हेन्री क्लॉस यानें मिळून या तत्त्वावरची पेटी विकावयास आणली. कपाटाएवढ्या पेट्यांचें काम पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या पेटीनें केलेलें पाहून त्या काळचे जाणकार चकित झाले. बंद पेटीचा स्वभाव सांगावयाचा तर असा : तिच्या स्वतःच्या अनुनादाच्या सुराखालीं तिचा आवाज दर सप्तकामागें १२ डेसिबल या बेतानें उतरत जातो. उतरतो, पण सावकाश आणि शिस्तीनें. पेटी फार लहान केली, तर मात्र उतरण्यापूर्वीं एक उंचवटा येतो आणि प्रत्येक सूर 'ढब्ब ढब्ब' असा एकाच नादानें बोलूं लागतो. आंत पॉलिएस्टरचा कापूस सैलसर भरला, तर हवेची उष्णता तो कापूस घेत-देत राहतो, स्प्रिंग थोडी मऊ होते, आणि पेटी आहे त्याहून जराशी मोठी असल्याप्रमाणें वागते.

दुसरी जात नळीच्या पेटीची. ही समजून घेण्यासाठीं परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. गोव्यांतील घुमट ज्यांनीं पाहिला असेल त्यांना ती अर्धी समजलेलीच आहे. मातीचें मडकें, त्याच्या मोठ्या तोंडावर ताणून बसविलेलें कातडें, आणि दुसऱ्या बाजूचें लहान तोंड उघडें. एके काळीं हें कातडें घोरपडीचें असे. तिला कायद्याचें संरक्षण मिळाल्यापासून बकऱ्याचें वापरतात. वाजविणारा एका हातानें कातड्यावर थाप मारतो आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्या लहान तोंडावर कमी-अधिक झांकून नाद बदलतो. देवळांतील आरतीला आणि ख्रिस्ती घरांतील मांडो-दुलपदांना सारखेंच चालणारें हें वाद्य. गोवें सरकारनें २०१९ सालीं त्याला राज्याच्या वारशाचें वाद्य म्हणून मानहि दिला. कातड्याच्या जागीं शंकु आणि उघड्या तोंडाच्या जागीं नळी बसवा, म्हणजे बाजारांत जिला 'पोर्ट'ची पेटी म्हणतात ती तयार झाली. नळींतील हवेचा गोळा हें वजन आणि पोटांतील हवा ही स्प्रिंग. अशा पात्राचा सूर कसा ठरतो हें जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यानें एकोणिसाव्या शतकांत विवरून सांगितलें होतें. बेल प्रयोगशाळेच्या आल्बर्ट थुरास याला लाउडस्पीकरला अशी नळी देण्याबद्दल १९३२ सालीं पेटंट मिळालें.

नळीची करामत अशी कीं, पेटी ज्या सुराला जुळविली असेल त्या सुराच्या आसपास शंकूच्या मागची लाट नळींतून उलटी होऊन बाहेर पडते आणि पुढच्या लाटेला गिळण्याऐवजीं तिला हात देते. नेमक्या त्या सुरावर शंकु जवळजवळ स्वस्थ असतो. सगळा आवाज नळी काढीत असते. ही सवलत लहान नव्हे. आवाज तेवढाच ठेवून सूर एक सप्तक खालीं नेला, तर मोकळ्या शंकूला चौपट लांब हेलकावा घ्यावा लागतो. पण सवलतीचें मोलहि द्यावें लागतें. जुळविलेल्या सुराखालीं हा आवाज सप्तकामागें २४ डेसिबल या वेगानें, म्हणजे कड्यावरून पडावा तसा, कोसळतो. त्याच जागीं शंकूच्या पाठीमागची स्प्रिंगहि नाहींशी होते. भोंक पडलेल्या पंपाच्या दांड्याप्रमाणें तो हवा तेवढा मागें-पुढें जाऊं लागतो आणि वेटोळें चुंबकावर आदळतें. म्हणून अशा पेटीपूर्वीं अतिखालचे सूर अडविणारी गाळणी अँप्लिफायरमध्यें लावतात. ती लावावयास जे विसरतात, त्यांच्या फाटक्या शंकूंवर दुरुस्तीवाल्यांचा संसार चालतो.

एक हिशेब करून दाखवितों. पेटींत हवा ५० लिटर, नळीचा व्यास १० सेंटिमीटर, आणि सूर ३५ कंपनांचा हवा असेल, तर गणितानें नळीची लांबी ३८ सेंटिमीटर येते. नळीच्या दोन्ही तोंडांबाहेरची थोडी हवाहि तिच्याबरोबर हालते, म्हणून सुमारें सात सेंटिमीटर वजा करावे लागतात. कापावयाची नळी ३१ सेंटिमीटरची. ती आखूड व्हावी म्हणून अरुंद घेतली, तर हवा इतक्या वेगानें जाते-येते कीं गाण्यांत मांजर फिस्कारल्याचा भास होतो.

आतां ५० लिटर हवा म्हणजे किती मोठी पेटी ? येथें सुतारकामाचा प्रश्न येतो, आणि माझ्या मतें निम्म्या पेट्या येथेंच बिघडतात. बाहेरून ५५ सेंटिमीटर लांब, ४० उंच आणि ३३ खोल अशी पेटी घ्या. बाहेरच्या मापानें ती साडेबहात्तर लिटरांची भरते. पण फळी १८ मिलिमीटर जाडीची. तेव्हां आंत राहिले ५५ लिटर. त्यांतून लाउडस्पीकरचा चुंबक व सांगाडा दोन-अडीच लिटर खातो, नळी स्वतः तीनेक लिटर खाते. हातीं आले जेमतेम ५०. ज्यानें बाहेरचें माप धरून नळी कापली, त्याची पेटी ठरविलेल्या सुरापेक्षां वीस टक्के वर घुमेल, आणि तो मात्र दुकानदाराच्या लाउडस्पीकरला दोष देत बसेल. फळी जाड कां, तर पेटीच्या भिंती हालूं लागल्या कीं त्या स्वतःच बेसूर वाद्य होतात. सांधे सरस व सिलिकॉन लावून बुजविणें, मोठ्या भिंतींना आंतून आडवी पट्टी देणें, ही कामें दिसत नाहींत म्हणून टाळलीं जातात. वरचें रेक्झिन मात्र चकचकीत असतें.

अमुक लाउडस्पीकरला किती हवा द्यावी, हें फार दिवस अंदाजाचें काम होतें. ऑस्ट्रेलियांतील नेव्हिल थील यानें १९६१ सालीं, आणि सिडनी विद्यापीठांत संशोधन करणाऱ्या रिचर्ड स्मॉल यानें १९७२-७३ मध्यें, हें काम गणिताच्या कक्षेंत आणलें. लाउडस्पीकरबरोबर जो कागद मिळतो त्यावर यांच्या पद्धतीचे तीन आंकडे असतात : शंकु मोकळा असतां स्वतः कोणत्या सुराला डोलतो, डोलूं लागल्यावर स्वतःला कितपत आवरूं शकतो, आणि त्याच्या कडेचा ताठपणा किती लिटर हवेच्या ताठपणाएवढा आहे. हा कागद न पाहतां पेटी करून देणारा मनुष्य अंगाचें माप न घेतां सदरा शिवणाऱ्या शिंप्यासारखा समजावा. याच विषयांत एक नियम प्रसिद्ध आहे, तो अँटन हॉफमन या भौतिकशास्त्रज्ञाच्या नांवानें. हा नामांकित पियानोवादक जोझेफ हॉफमन यांचा मुलगा. विल्चरपासून वेगळे झालेल्या क्लॉसबरोबर त्यानें १९५७ सालीं पेट्यांचा कारखाना काढला. त्याचा नियम असा कीं, लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेंत मोठा आवाज, या तिहींपैकीं कोणत्याहि दोन गोष्टी मागा. तिसरी सोडावीच लागेल. दुकानांतील जाहिरातींत तिन्ही एकदम मिळतात, हा भाग वेगळा.

मग मोटारीच्या डिकींतील लहानशी बंद पेटी इतका खोल खर्ज कोठून आणते ? हॉफमनचा नियम तेथें लागूं नाहीं काय ? लागूं आहे, पण मोटार त्यांत स्वतःची भर घालते. आतां मघांचीं लाटांची लांबी आठवावी. समोरच्या कांचेपासून मागच्या कांचेपर्यंत मोटारीचा अंतर्भाग समजा पावणेतीन मीटर आहे. ३० कंपनांची लाट साडेअकरा मीटरांची. तिला त्या पेटाऱ्यांत पसरावयास जागाच नाहीं. लाट तयारच होत नाहीं म्हटलें तरी चालेल. शंकु पुढें आला कीं गाडींतली सगळी हवा एकसमयावच्छेदेंकरून दाबली जाते, मागें गेला कीं सगळी एकदम सैल होते. ज्या सुराची अर्धी लाट गाडीच्या लांबीएवढी, म्हणजे आपल्या उदाहरणांत सुमारें ६२ कंपनें, त्याच्या खालीं हा परिणाम सुरू होतो, आणि शास्त्राप्रमाणें तो दर सप्तकामागें १२ डेसिबल वाढत जातो. श्रोत्यांना आठवत असेल कीं, बंद पेटी दर सप्तकामागें नेमकी १२ डेसिबलच उतरते. एक उतरते तेवढीच दुसरी चढते. बैठकीच्या खोलींत जी पेटी ४५ कंपनांपाशींच दम सोडील, ती मोटारींत वीस-पंचविसापर्यंत सहज जाते. मोटार ही त्या पेटीबाहेरची दुसरी पेटी आहे, आणि आपण तिच्या आंत बसलेले असतों.

प्रत्यक्षांत पूर्ण १२ डेसिबल मिळत नाहींत. दारांच्या फटींतून हवा निसटते, छताचा पत्रा फुगतो-बसतो, कांचा लवतात. खिडकी चार बोटें खालीं केली कीं अतिखोल खर्ज लगेच उतरतो. ज्यांना शंका असेल त्यांनीं करून पाहावें. तरीहि लाभ मोठा आहे, आणि म्हणूनच मोटारीसाठीं माझें मत साध्या बंद पेटीच्या बाजूनें आहे. नळीची पेटी खोलींत जो सपाट आवाज देते, त्यावर मोटारीनें आपली भर घातली कीं चाळीस-पन्नास कंपनांपाशीं डोंगर उभा राहतो. आरंभीं ज्या फुगीर घुमाऱ्याचा उल्लेख केला, तो पुष्कळदां असा जन्मतो. ज्याला तोच हवा असेल त्याच्याशीं माझें भांडण नाहीं. पण त्यानें त्याला खोल खर्ज म्हणूं नये.

मोटारींत खर्ज थोडा अधिक लागतो, हें मात्र वडील मंडळींनींहि मान्य करावें. रस्त्यावर चाकांचा व वाऱ्याचा जो घरघराट चालतो, त्याचा मोठा भाग खालच्या सुरांतच असतो, आणि तो गाण्यांतला खर्ज झांकून टाकतो. गाडी उभी असतां जें गाणें भरदार वाटतें, तें महामार्गावर पोकळ लागतें. शिवाय सुमारें ८० कंपनांखालचा ध्वनि कोणत्या दिशेनें येतो हें कानाला फारसें ओळखतां येत नाहीं. म्हणून पेटी डिकींत असली तरी, ती नीट मर्यादेंत ठेवल्यास, सारें संगीत समोरूनच आल्यासारखें वाटतें.

ही आवड रुजली कोठें, त्याचीहि थोडी हकीकत सांगितली पाहिजे. जमेकांतील किंग्स्टन शहरांत दुसऱ्या महायुद्धानंतर उघड्यावर नाचगाण्याच्या सभा भरूं लागल्या. ज्यांना वाद्यवृंद परवडत नव्हता ते तबकड्या वाजवीत, आणि ज्याच्या पेट्यांचा खर्ज भरदार त्याच्याकडे गर्दी लोटे. ब्रिटिश विमानदलांत रडारचें काम शिकून परत आलेल्या हेडली जोन्स या कारागिरानें अशा सभांसाठीं अँप्लिफायर व माणसाच्या उंचीच्या पेट्या बांधल्या. त्याच किंग्स्टनमध्यें लहानपण गेलेला क्लाइव्ह कॅम्पबेल हा मुलगा न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागांत राहावयास गेला, आणि ११ ऑगस्ट १९७३ रोजीं तेथील एका इमारतींत ज्या मेजवानीला त्यानें तबकड्या वाजविल्या तिच्यापासून हिप-हॉप संगीताचा जन्म धरतात. पुढें १९८० सालीं जपानच्या रोलंड कंपनीनें 'टीआर-८०८' हें ढोलकाचें विजेचें यंत्र काढलें. सुमारें १२,००० नग विकून १९८३ सालीं तें बंद पडलें. खऱ्या ढोलासारखें तें वाजत नाहीं अशी लोकांची तक्रार होती. पण त्याच्या मोठ्या ढोलाचा सुमारें ५० कंपनांचा, लांबत जाणारा हुंकार फ्लोरिडांतील मायामीच्या तरुणांनीं उचलला. मायामींत माणसें मोटारींत राहतात म्हटलें तरी चालेल. तेथें असें संगीत निघालें कीं जें मुख्यतः मोटारींतील पेट्यांसाठींच रचलेलें होतें. कांहीं तबकड्या तर पेटी किती खोल जाते याची परीक्षा घेण्यासाठींच विकल्या जात. गणपतीच्या मिरवणुकींत पन्नास ढोलांच्या पथकापुढें उभें राहून ज्यांची छाती भरून आली आहे, त्यांनीं या तरुणांना हंसण्याची घाई करूं नये.

कारण ही ओढ निव्वळ फॅशनची नाहीं. आपल्या अंतःकर्णांत ऐकण्याच्या इंद्रियाला लागूनच तोल सांभाळणारें इंद्रिय आहे. मँचेस्टरच्या टॉड व कोडी या शास्त्रज्ञांनीं २००० सालीं असें दाखविलें कीं, सुमारें ९० डेसिबलांच्या वरच्या मोठ्या खालच्या नादांना तें इंद्रियहि प्रतिसाद देतें. म्हणजे बसल्या जागीं झोंका घेतल्यासारखी संवेदना मिळते. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, एकदम वाजणाऱ्या दोन सुरांपैकीं खालच्या सुराचा काल चुकला तर मेंदूला तो अधिक चटकन् कळतो, असें आढळलें. ठेका खालच्या वाद्याकडे आणि तान वरच्या गळ्याकडे, ही वांटणी जगांत सर्वत्र कां दिसते, याचें कारण यांत असावें. सर्वांत मौजेचा प्रयोग कॅनडांतील मॅक्मास्टर विद्यापीठाचा. एका जलशांत श्रोत्यांच्या डोक्यांना हालचाल टिपणाऱ्या पट्ट्या बांधल्या होत्या, आणि ८ ते ३७ कंपनांचे खास लाउडस्पीकर दर अडीच मिनिटांनीं चालू-बंद केले जात. ते चालू आहेत कीं बंद हें श्रोत्यांना ओळखतां येत नव्हतें. तरी चालू असतांना लोक सुमारें १२ टक्के अधिक डोलले. २०२२ च्या अखेरीस हें प्रसिद्ध झालें.

आतां तक्रारीची बाजू. भिंत वरचे सूर चांगले अडविते. पण सूर जसजसा खालीं जातो तसतशी तिची शक्ति सप्तकामागें सुमारें ६ डेसिबल घटत जाते. म्हणून गाडींत बसलेल्याला गाणें मिळतें आणि माडीवर निजलेल्याला नुसते ठोके. ज्याला शब्द नाहीं, चाल नाहीं, आणि थांबविण्याचें बटण आपल्या हातीं नाहीं, असा ठोका आजाऱ्याच्या किंवा तान्ह्या मुलाच्या उशाशीं कसा लागतो, हें गाडींतल्याला कळावयास मार्गच नसतो. आपल्याकडील २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागासाठीं दिवसां ५५ व रात्रीं दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मात्र हे डेसिबल कानाच्या मंदपणाचा हिशेब धरून मोजावयाचे असतात. त्या मोजणींत ४० कंपनांच्या सुराला जवळजवळ ३५ डेसिबलांची सूट मिळते. प्रत्यक्षांत ९० डेसिबलांचा ४० कंपनांचा नाद यंत्रावर सुमारें ५५ च दाखवील. कानापुरती ही सूट फारशी अन्यायाची नाहीं, कारण कानहि तेथें मंदच आहे. पण तावदानाला आणि पेल्यांना ही सूट ठाऊक नसते. पोलिसाचें यंत्र कांहीं दाखवीत नाहीं म्हणून शेजाऱ्याची तक्रार खोटी, असा युक्तिवाद मीं ऐकला आहे. तो मला पटत नाहीं.

गाडींतल्याच्या कानांविषयींहि दोन शब्द. निव्वळ खर्जानें कान तितकेसे बिघडत नाहींत. पण खर्ज चढविला कीं त्याच्या जोडीनें बाकीचें गाणेंहि चढवावेंसें वाटतें, आणि इजा होते ती त्यानें. अमेरिकेंतील कामगार-आरोग्य संस्था ८५ डेसिबलांस दिवसाचे आठ तास ही मर्यादा मानते, आणि दर ३ डेसिबलांस वेळ निम्मा करते; त्या हिशेबानें १०० डेसिबलांस पाव तास उरतो. गाडी दणाणत असतां मागच्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकूं येत नाहीं, हा धोका तर आजचाच आहे. परदेशीं नुसत्या आवाजाच्या मोठेपणाच्या शर्यती होतात. त्यांतील मोटारींचे आंकडे १७० डेसिबलांच्या वर जातात. आंत माणसाला बसावयाला जागा नसते, कांचा जाड करून बोल्टांनीं आवळलेल्या असतात, आणि वाजतो तो एकच सूर, कांहीं सेकंद. तो यंत्रविद्येचा खेळ आहे. त्याचा संगीताशीं संबंध मीं तरी लावूं शकत नाहीं.

ज्यांच्या घरीं अशी पेटी येऊं घातली आहे, त्यांनीं मुलाबरोबर दुकानांत अवश्य जावें. दुकानदार लावील ती तबकडी ऐकूं नये; आपल्या ओळखीचें, खालच्या सुरांची चाल सावकाश चढत-उतरत जाणारें एखादें गाणें बरोबर न्यावें आणि तें हळू आवाजांत लावावयास सांगावें. प्रत्येक सूर निरनिराळा कळला, तर पेटी चांगली. सगळे सूर एकाच 'ढुम्म'मध्यें बुडाले, तर आवाज वाढवून तें सुधारणार नाहीं. मग मुलाला आंत बसवून, खिडक्या बंद करून, आपण बाहेर उभें राहावें आणि डिकीच्या झांकणावर व नंबराच्या पाटीवर तळहात ठेवून पाहावा. रस्त्यावरच्या माणसाला जो खडखडाट ऐकूं येतो, तो पुष्कळ गाड्यांच्या बाबतींत पेटीचा नसून त्या पाटीचा असतो, आणि तिच्यामागें रबराची एक पट्टी चिकटविली कीं तो थांबतो.